चौथं कडवं

"खाली टेकवा, खाली टेकवा," म्हणत आदिनाथनं हातातला कपाटाचा कोपरा सोडूनच दिला. टेम्पोत वर उभा असलेला माणूस कपाटासकट पुढं ओढला गेला. दोन शब्द चांगलेच सुनावणार होता, पण तेवढ्यात त्यानं आदिनाथचं तोंड पाहिलं आणि तो गप्प झाला. मुलीकडचा पाहुणा, त्यात पाठवणीची वेळ, भरून आलं असेल बिचाऱ्याला, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बिचाऱ्याला भरून वगैरे काही आलं नव्हतं. तो कान देऊन ऐकत होता.

तिसगावच्या मंगल कार्यालयात त्याच्या बायकोच्या, मनकर्णाच्या भाचीचं लग्न होतं. नवरी निकिता दारात उभी होती, बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मांडवाच्या कोपऱ्यात बिभीषण डोळे मिटून माईकमध्ये गात होता:

निकिता गं, चप्पल तुझी दारात गं,
पिवळी ओढणी वाऱ्यात गं,
पंचमीला ये माघारी,
माय उभी तुझी दारी.

चप्पल आदिनाथची होती. म्हणजे त्याच्या कवितेतली. ओढणीही त्याचीच. पंचमी मात्र त्याची नव्हती, आणि निकिता तर नव्हतीच नव्हती. त्या जागी ज्ञानू होती.

ज्ञानू म्हणजे ज्ञानेश्वरी, आदिनाथ नरवडेची एकुलती एक पोरगी. नगरला कॉलेजात होती, चांगली हसतीखेळती. गेल्याच्या गेल्या वर्षी भाद्रपदात ताप आला. साधा ताप, म्हणून घरच्यांनी अंगावर काढला, मग डॉक्टर, मग मोठा दवाखाना, मग रक्तातल्या पेशी कमी झाल्या, आणि पंधरवडा संपायच्या आत सगळंच संपलं. आई-बाप केडगावच्या घरात दोघेच उरले.

आदिनाथ सुप्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. खोके भरायचे, चिकटपट्टी मारायची, गाडीत चढवायचे. कवितेचा नाद त्याला पोरवयापासून. कविसंमेलनाला गेला की त्याला लोक सर म्हणत. तिथं काय, पॅकिंगवाल्यालाही सर म्हणतात आणि खुद्द सरांनाही सर म्हणतात, ती जागाच तशी उदार. पण पोरगी गेल्यावर त्याची लेखणी जी बसली ती बसलीच. कितीतरी महिने एक ओळ सुचली नाही. आणि मग एक दिवस कंपनीच्या बसमध्ये, शेजारचा माणूस खांद्यावर डोकं टाकून घोरत असताना, अख्खी कविता डोक्यात आली आणि त्यानं ती तिथंच मोबाईलमध्ये टिपून ठेवली. चार कडवी. पहिल्या तिन्हींत घरात राहून गेलेल्या तिच्या वस्तू होत्या. चौथं असं होतं:

ज्ञानू, तुला अमरधामात ठेवून
मी रिक्षात बसलो
आणि रिक्षावाल्याला सांगितलं,
कमानीपासून डावीकडे घ्या.
मला रस्ता सांगता आला, ज्ञानू.

बस, एवढंच. यमक नाही, काही नाही. पण त्या एवढ्याशा गोष्टीनं माणूस आतून खलास झाला होता. पोटची पोर जाळून आलेल्या बापाला डावं-उजवं कसं कळतं? बोबडी वळत नाही? आपल्यात काहीतरी खोट आहे, असं त्यानं मनाशी धरलं होतं आणि हे कुणापाशी बोलायचं, हेच त्याला कळत नव्हतं. बोलायला घरात एक मनकर्णा. आणि मनकर्णा पोरीचं नावही काढत नसे. चार लोकांत रडली नाही, एकांतात रडली असेल तर तिचं तिला माहीत. सकाळी डबा, संध्याकाळी भाकरी, मधल्या वेळेत शिवणकाम. तिच्यापुढं तोंड उघडायची त्याची छातीच होईना.

मग ती कविता त्यानं पाथर्डीच्या एका कविसंमेलनात वाचली. वाचून झाल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. सगळा हॉल गप्प. आदिनाथला त्या गप्प बसण्याचं फार बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती गोष्ट कुणीतरी ऐकून घेतली होती. त्याच कार्यक्रमात बिभीषण दुसऱ्या कुणाच्या तरी साथीला पेटी घेऊन आलेला. लग्नाकार्यात गाणारा माणूस, गळा गोड. तो येऊन म्हणाला, सर, ही मला द्या, चाल लावतो. आदिनाथ लगेच फुगला. घ्या की, म्हणाला. कुठं गाणार, कशासाठी गाणार, काही विचारलं नाही. कवीला कुणी काही मागितलं की तो असाच हरखतो, त्यात त्याचा इलाज नाही.

आणि आता हे.

या भागात पाठवणीच्या गाण्यात नवरीचं नाव घालायची रीतच पडून गेली आहे. बिभीषण नवरीच्या भावाला आधीच नाव विचारून घेतो, पेनानं तळहातावर लिहितो, आणि नाव लांबलचक असलं तर कापून चालीत बसवतो. नाव आलं की नवरीची आई हंबरडा फोडते, आई रडली की सगळा मांडव रडतो. आदिनाथला हे ठाऊक होतं, चार लग्नांत त्यानं पाहिलेलंही होतं. पण आपल्या ज्ञानूची जागा अशी रोज नवीन पोरीला देऊन टाकलेली असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसरं कडवं झालं. तिसरं लागलं. आता चौथं. भरल्या मांडवात, हळदीच्या अंगानं उभ्या असलेल्या पोरीपुढं, अमरधाम. हा माणूस तिचं नाव घालून ते गाणार की काय, या भीतीनं तो टेम्पोपासून मांडवाकडं धावतच निघाला. तो दाराशी पोचतोय तोवर ढोलकीनं एक गिरकी घेतली आणि बिभीषण सरळ धृपदावर आला. पंचमीला ये माघारी. झालं. चौथं कडवं आलंच नाही.

सुटलो, असं वाटून त्यानं खांबाला हात टेकला. आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या डोक्यात सणक गेली. चौथं कडवं नाही म्हणजे काय? मग उरलं काय त्या कवितेत? चप्पल आणि ओढणी?

तेवढ्यात त्याला मनकर्णा दिसली. ती निकिताच्या मागं उभी होती, पदर तोंडात कोंबून, आणि खांदे गदगद हलत होते. दीड वर्षात त्यानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बायका तिला धरून होत्या. भाची सासरी निघाली म्हणून आत्या एवढी रडते, असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं.

वऱ्हाड निघून गेल्यावर आदिनाथनं बिभीषणला गाठलं. तो वायरी गुंडाळत बसला होता. आदिनाथला पाहून तो अगदी मनापासून खूश झाला, म्हणाला, तुमचं गाणं लई चालतंय सर, औंदा शेवगावपासून जामखेडपर्यंत एक लग्न त्याच्याबिगर झालं न्हाई. आदिनाथनं विचारलं, चौथं कडवं कुठं गेलं. बिभीषणनं हातातली वायर खाली ठेवली.

"सर, ते लग्नात कसं म्हनू?"

"मग कविता लग्नात कशाला आणली?"

"कविता न्हाई आनली. गानं आनलं." बिभीषण हळूच म्हणाला. "राग धरू नका. कविता एकट्यानं वाचायची असती, ती कुटंबी थांबली तरी चालतंय. गान्याला धृपदावर माघारी यावंच लागतं. तुमच्या चौथ्या कडव्यावरनं माघारी यायला वाटच न्हाई. म्या लई धडपड केली. ढोलकीवाला म्हनला, मी थांबू कुटं?"

आदिनाथला हे जास्तच झोंबलं. माघारी यायला वाट नाही हे तर खरंच होतं. तेच तर त्यानं लिहिलं होतं. पण ज्या माणसाला ते इतकं नेमकं कळलं, त्यानंच ते कडवं उचलून बाजूला ठेवलं होतं. बरं, बिभीषण काही लबाड नव्हता. त्यानं पाय धरून माफी मागितली, तुम्ही सांगा, उद्यापासून गात नाही, असंही म्हणाला. आदिनाथनं बघू म्हटलं आणि तो निघाला.

दोन-चार दिवसांनी आदिनाथ कामावरून घरी आला तर घरात तेच गाणं वाजत होतं. मनकर्णानं भावाकडून मोबाईलवर मागवून घेतलं होतं. त्यात निकिताच होती, पण मनकर्णा भाकरी थापता थापता बारीक आवाजात म्हणत होती ते ज्ञानू गं. आदिनाथ उंबऱ्यातच थबकला. दीड वर्षांनी तिच्या तोंडून पोरीचं नाव निघालं होतं, आणि निघालं ते या असल्या गाण्यात.

मग हे रोजचंच झालं. शिवताना गाणं, निवडताना गाणं. पंचमी आली तेव्हा तर तिनं कहरच केला. पुरणाचे दिंड केले, अंगण सारवल्यासारखं लख्ख धुतलं, आणि दुपारभर दारात बसून राहिली. शेजारणींच्या पोरी माहेरी आलेल्या, त्यांना घरात बोलावून बांगड्या भरल्या. आदिनाथ त्या दिवशी सुट्टी असून उगाच बाहेर भटकून आला. त्याला ते बघवत नव्हतं. बाई वेडी होते की काय, अशी धास्ती एकीकडं, आणि दुसरीकडं सरळसरळ हेवा. त्याच्या शब्दांनी ती कधी बोलली नव्हती, बिभीषणच्या एका पंचमीनं बोलायला लागली होती.

एकदा त्यानं धीर करून सांगितलं, ते गाणं मूळ माझं आहे, पण पुरतं नाही. व्हय, ठाव हाय, असं म्हणून तिनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढं विचारलंच नाही.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मात्र त्याच्या जिवाला फार लागली. कंपनीच्या बसमध्ये बसला असताना त्यानं आपली कविता मनातल्या मनात म्हणायला घेतली. आपली, खरी, जशी सुचली तशी. पहिल्या ओळीलाच चाल आली. त्यानं थांबून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चाल आली. जिथं त्यानं श्वास सोडला होता तिथं ढोलकी वाजत होती. तिसऱ्या कडव्यानंतर तर जीभ आपोआप पंचमीकडं वळली, आणि चौथ्या कडव्याची पहिली ओळ आठवायला त्याला खिडकीबाहेर बघत बसावं लागलं. सुप्यापासून केडगावपर्यंत त्याचा तोच उद्योग; मोबाईल उघडून वाचली तरी ती चालीतच वाचली जात होती. पोरगी एकदा गेली होती, आता तिच्यामागं उरलेलं एवढंसं तेही हातातून निसटत होतं.

म्हणून त्यानं ठरवलं. भाद्रपदात ज्ञानूचं दुसरं पुण्यस्मरण होतं. त्या दिवशी बिभीषणनं घरासमोर येऊन अख्खी कविता गायची, चौथ्या कडव्यासकट. त्याला दुसरं काही नको होतं. लोकांनी वाहवा करावी असं तर मुळीच नव्हतं. मनकर्णानं ते कडवं ऐकावं, एवढंच. ऐकून तिनं काहीही म्हणावं. दगडाच्या काळजाचा आहेस म्हणावं, नाहीतर असू द्या म्हणावं. जे आपल्याला समोर बसून सांगता येत नाही ते गाण्याच्या निमित्तानं तरी तिच्या कानावर जाईल. बिभीषण आधी का-कू करत होता. सर, माझ्या अंगाशी येईल, म्हणाला. शेवटी आदिनाथचा चेहरा बघून तयार झाला, आणि त्या कडव्यापुरती ढोलकी बंद ठेवायची असंही दोघांत ठरलं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी गल्लीत छोटासा मांडव पडला. तिसगावकडचे पाहुणे आले, कंपनीतले चार लोक आले, गल्लीतल्या बायका आल्या. ज्ञानूचा फोटो खुर्चीत, हार घातलेला. महाराजांचं प्रवचन झालं, देह नाशवंत वगैरे जे सांगायचं ते त्यांनी नीट सांगितलं. फुलं टाकायला अजून अवकाश होता, तेव्हा बिभीषण पुढं सरकला. आदिनाथ मुद्दाम पेटीच्या शेजारी जाऊन बसला. समोर बायकांत, दुसऱ्या रांगेत, मनकर्णा तिच्या म्हाताऱ्या आईला, बनुबाईंना टेकून बसली होती.

ज्ञानू गं, असा बिभीषणनं पहिला सूर लावला आणि मनकर्णानं झटकन मान वर केली. इतक्या दिवसांत त्या गाण्यात खुद्द तिच्या पोरीचं नाव तिनं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा असा काही उजळला की आदिनाथला तिकडं बघवेना. गाणं सगळ्यांना पाठ होतं. धृपदाला बायकांनी आवाज मिळवला, कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, आणि पुण्यस्मरण आहे की पाठवणी, असा प्रश्न पडावा, अशी रडारड सुरू झाली. बनुबाईसुद्धा बोळक्या तोंडानं माघारी, माघारी म्हणत होत्या.

तिसरं कडवं संपलं. ठरल्याप्रमाणं ढोलकी थांबली. पेटीचा एकच सूर राहिला. बिभीषणनं घसा साफ केला आणि आदिनाथकडं पाहिलं. मांडवात शांतता झाली, अगदी पाथर्डीच्या हॉलसारखी.

मनकर्णा उठली. रांगेतून वाट काढत, बायकांच्या पायांवर पाय देत, ती सरळ पेटीपाशी आली आणि आदिनाथजवळ खाली बसली. लोकांना वाटलं, तिला चक्कर आली. ती हलक्या आवाजात बोलत होती, बिभीषण सोडून कुणाला ऐकू गेलं नाही.

"ते म्हनू नका म्हना त्यान्ला."

"तू ऐक तरी एकदा," आदिनाथ म्हणाला. "पुढं काय हाय ते तुला म्हायती न्हाई."

"म्हायती हाय. तुमी अंघोळीला गेल्ता तवा मोबाईलमधी वाचलंय म्या. लई दिवस झाले." तिनं पदर डोक्यावर ओढला. "रिक्षा दारात आली तवा मी घरात बसल्याली हुते. कोन कोन उतरतंय ते कानानं मोजत हुते. तुमी उतरलात, भाऊजी उतरलं, आन् रिक्षा गेली."



"तुमच्यात ती मेली," मनकर्णा म्हणाली. "जितक्यांदा वाचावं तितक्यांदा मरती. ह्यान्च्यात ती सासरी हाय. नांदू द्या तिला."

ज्याच्यासाठी त्यानं एवढा घाट घातला होता ते कधीच होऊन गेलेलं होतं. तिनं ते कडवं वाचलं होतं, आपल्या अंगानं पुरतं समजून घेतलं होतं, आणि त्यावर एक शब्दही न बोलता त्याला डबे भरून दिले होते. त्यानं रस्ता सांगितला ते बरं केलं की वाईट, याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. तिला तो प्रश्न पडलाच नव्हता. आता ते कडवं जगात फक्त त्याला एकट्यालाच हवं होतं, आणि त्यालाही ते धड आठवत नव्हतं.

बिभीषण पेटीचा भाता हलवत वाट बघत होता. सूर फार लांबला होता, पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले होते. आदिनाथनं त्याच्याकडं पाहून मानेनंच नको म्हटलं.

ढोलकीवर थाप पडली. पंचमीला ये माघारी, बिभीषणनं उचललं आणि सगळा मांडव त्याच्यामागं म्हणू लागला. मनकर्णा आपल्या जागेवर परत गेली नाही. तिथंच, त्याच्या शेजारी, मांडी घालून ती टाळ्या वाजवत गाऊ लागली. समोरचे लोक आता आदिनाथकडं बघत होते. पोरीचा बाप, त्यात गाणं त्यानंच लिहिलेलं, आणि तो एकटाच तोंड मिटून बसलेला बरं दिसत नव्हतं. त्यानं हात जोडल्यासारखे पुढं घेतले आणि ठेका धरला. पण त्याला शब्द येत नव्हते. त्याचे स्वतःचे तोंडाशी येऊन अडत होते आणि गाणं पुढं निघून जात होतं. शेवटी त्यानं मान वळवली, आणि मनकर्णाच्या ओठांकडं बघत, एकेक शब्द मागं राहत, तो म्हणू लागला.